बाकावरून उठताना

मार्च संपत आला की नागपुरातली सकाळ फार आखूड होते. सहाला उजाडतं आणि आठला ऊन अंगावर येतं. चालणं, फिरणं, भाजी आणणं सगळं त्या दोन तासांत उरकायचं. सेमिनरी हिल्सच्या बाजूला एक लहान बाग आहे, तिथे अशाच एका सकाळी सिमेंटच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. पन्नाशीतले असावेत. डोक्याला मऊ सुती टोपी, आणि टोपीच्या काठाखालून उजव्या कानामागे उतरलेली शस्त्रक्रियेची वळणदार खूण. चेहरा सुजल्यासारखा गोल, पण पायजम्यातले पाय काटकुळे. त्यांना उठायचं होतं. एकदा पुढे झुकले, परत टेकले. दुसऱ्यांदा उजव्या हाताने बाकाची कड धरून जोर लावला, चेहरा लाल झाला, श्वास कोंडला, आणि पुन्हा बसले. तिसऱ्या वेळी बायकोने डाव्या काखेत हात घालून त्यांना वर ओढायला सुरुवात केली. तेवढ्यात रोज फेऱ्या मारणारा एक तरुण थांबला आणि अगदी मायेने म्हणाला, "काकाजी, कशाला त्रास करून घेता? एवढ्या मोठ्या दुखण्यातून उठले तुम्ही. आता आराम करा ना बाप्पा." काकाजी हसले. बायकोने हात सोडला. आणि ते तसेच बसून राहिले, शेजारच्या कडुनिंबाची पानं अंगावर पडत होती ती झटकत.

तिघांतल्या कुणाचंही काही चुकलं नाही, असं तेव्हा वाटलं. पण ते "आराम करा" कानातून जाईना.

आपल्याकडे आजाऱ्याला द्यायची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रेमाची गोष्ट म्हणजे आराम. भेटायला आलेला प्रत्येक जण तोच देऊन जातो. मेंदूच्या गाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो खराही असतो: सहा आठवडे तरी जड उचलायचं नाही, डोकं छातीच्या खाली जाईल असं वाकायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही. नंतर रेडिएशन. ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली वेगाने वाढणारी कॅन्सरची गाठ, तिच्यासाठी ते बहुतेकदा ३० बैठकांचं असतं, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे. चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा मुखवटा, त्याचे गालावर उमटलेले चौकोन, आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या रोजच्या गोळ्या. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याकडून आलेली माणसं या सहा आठवड्यांसाठी खोली भाड्याने घेऊन राहतात, आणि शेवटच्या बैठकीला पेढे वाटून गावी जातात. आता रोज थोडं थोडं बरं वाटेल अशी सगळ्यांची समजूत असते. पण होतं उलटंच. रेडिएशनचा थकवा उपचार संपताना आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त जाणवतो. काही जण दिवसातले सोळा-सोळा तास झोपतात. घर घाबरतं. हा टप्पा ओळखीचा आहे, बहुतेकांचा तो हळूहळू ओसरतो, हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. मग घरात एकच उपाय उरतो: पडून राहा. हा थकवा मात्र झोपून जाणाऱ्या जातीचा नाही. दहा तास झोपून उठलेला माणूस "गळल्यासारखं वाटते" म्हणतो, घरचे त्याला आणखी झोपवतात, आणि पडून राहिल्याने जे गळतं ते पुढच्या महिन्यात दिसतं.

त्या काकाजींना उठता येत नव्हतं त्याचं कारण बघणाऱ्याला डोक्यातलं वाटणार. डावी बाजू थोडी कमजोर होतीच. पण सुजलेला चेहरा आणि बारीक पाय एकत्र दिसले की आधी डेक्सामेथासोनचा विचार करावा. मेंदूची सूज उतरवायला दिलेलं हे स्टेरॉइड जीव वाचवतं. तेच जास्त दिवस घ्यावं लागलं की मांड्यांचे आणि कमरेचे मोठे स्नायू पोखरतं. हाताची पकड शाबूत असते, पावलं हलतात, त्यामुळे पलंगावर तपासताना सगळं ठीक वाटतं. फसगत होते ती खुर्चीवरून उठताना, जिना चढताना, आणि सगळ्यात आधी संडासात. देशी पद्धतीच्या संडासात बसलेल्या माणसाला उठता येत नाही, तो दाराची कडी धरून ओढून घेतो, एक दिवस कडीच हातात येते. घरातल्यांना हे बरेचदा पडल्यावर कळतं, कारण ही गोष्ट कुणी आपण होऊन सांगत नाही. स्टेरॉइड एकदम बंद करणं हा त्यावरचा इलाज नव्हे. तसं केलं तर माणूस गंभीर होऊ शकतो, डोस डॉक्टरच उतरवणार. आपल्या हातात असतं ते त्या स्नायूंना रोज थोडं काम देणं. मांडीच्या स्नायूंसाठी उठण्याबसण्याइतका चांगला व्यायाम दुसरा नाही, आणि त्याला लागते एक खुर्ची.

खुर्ची मात्र नीट निवडायची. हातांची, न हलणारी, पाठ भिंतीला टेकवून ठेवलेली. प्लास्टिकची नको, तिचे पाय गुळगुळीत फरशीवर फाकतात. साधारण खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपास असते, दुबळ्या मांड्यांना ती खोल पडते. म्हणून तिच्यावर सतरंजीची किंवा गोधडीची घट्ट घडी ठेवायची आणि उंची ५०-५५ वर आणायची. मऊ उशी नको, ती दबते आणि माणूस आत रुततो. आता बसलेल्याने पुढे सरकून खुर्चीच्या कडेशी यायचं. पावलं जमिनीवर सपाट, आणि गुडघ्यांच्या रेषेच्या थोडी मागे ओढलेली. सगळ्यात जास्त चुकते ती हीच गोष्ट. पाय पुढे पसरलेले ठेवून उठायला गेलं तर तरण्याताठ्या माणसालाही उठता येत नाही. मग कमरेतून पुढे झुकायचं, इतकं की नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे जाईल. म्हातारी माणसं आणि आजारी माणसं पडायच्या भीतीने मागे रेलून उठू पाहतात, म्हणून पुन्हा खुर्चीत पडतात. वजन पुढे आलं की बूड आपोआप सुटतं. मग टाचा दाबून सरळ उभं राहायचं, एक श्वास थांबायचं, आणि मनात चार आकडे मोजत खाली बसायचं. स्नायू खरा कमावला जातो तो या बसण्यात. धप्पकन बसलं तर अर्धा व्यायाम वाया जातो, शिवाय स्टेरॉइडने ठिसूळ झालेल्या मणक्याला दणका बसतो. सुरुवातीला पाच वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच वेळा. खुर्चीच्या हातांचा आधार घेतला तरी चालेल. सलग दहा वेळा सोपं वाटू लागलं की सतरंजीची एक घडी कमी करायची. आकडा वाढवण्यापेक्षा उंची उतरवणं जास्त कामाचं, कारण रोजचा संडास, सोफा, रिक्षाची सीट, सगळं खालीच असतं.

एक बाजू कमजोर असेल तर त्यात एक युक्ती आहे. शरीर चलाख असतं. ते सगळं वजन चांगल्या पायावर टाकून उठतं, आणि कमजोर पाय नुसता टेकलेला राहतो. अशी पन्नास वेळा उठबस केली तरी त्या पायाला काही मिळत नाही. म्हणून चांगलं पाऊल चार बोटं पुढे ठेवायचं आणि कमजोर पाऊल मागे. मागच्या पायाला मग काम करावंच लागतं. गुडघा आत वळत असेल तर समोर बसणाऱ्याने त्याला हलकेच हात लावून दिशा द्यावी. आणि ज्या बाजूचा खांदा कमजोर आहे तिकडून काखेत हात घालून कधीही उचलू नये. त्या खांद्याचं हाड खोबणीत स्नायूंच्या जोरावर टिकलेलं असतं, स्नायू ढिले पडले की एका ओढीत ते खाली सरकतं, आणि मग महिनोन्महिने तो खांदा दुखतो. बागेतल्या त्या बाईंनी नेमकी तीच बाजू धरली होती. माया होती त्या ओढीत, आणि ताकदही होती. कमरेला रुंद कापडी पट्टा बांधून त्याला मागून धरलं असतं तर निम्म्या ताकदीत काम झालं असतं. तो नसेल तर जुन्या सुती ओढणीचा चारपदरी पट्टाही चालतो, फक्त गाठ सुटणारी नको.

श्वास मात्र कोंडायचा नाही.

श्वास कोंडून जोर लावला की डोक्यातला दाब वाढतो. साध्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. ज्याच्या कवटीतलं हाड काढून परत बसवलेलं आहे, आत अजून सूज आहे, त्याचं डोकं ठणकू लागतं. यावर सोपा तोडगा म्हणजे उठताना मोठ्याने आकडा म्हणणं. "एक" म्हणताना श्वास कोंडता येतच नाही. याच कारणाने शीर्षासन, सर्वांगासन, हलासन वर्ज्य. सूर्यनमस्कारातही डोकं खाली जातं, म्हणून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत नको. बागेतल्या योगवर्गात लोक आग्रहाने बसवतात, "कपालभातीने सगळं बरं होते" म्हणतात. मेंदूची गाठ झालेल्या, फिट येणाऱ्या माणसाने जोरजोरात श्वास घेण्याचे प्रकार, कपालभाती, भस्त्रिका, करू नयेत. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लाटांचा आलेख, काढताना तंत्रज्ञ रुग्णाला तीन मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतो, तो फिटच्या लाटा उघड्या पडाव्यात म्हणूनच. तिथे तो जवळ उभा असतो. बागेत सतरंजीवर डोळे मिटून बसलेल्या तीस जणांत कुणाचं लक्ष असणार? शांत, सावकाश अनुलोम-विलोम करावा, श्वास रोखून न धरता.

चालण्याचं तर आपल्याला नको तितकं कौतुक आहे. फोनवर दहा हजार पावलांचा आकडा दिसतो, मुलगा पुण्याहून विचारतो, "बाबा, आज किती झाले?" ज्याला बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात जाऊन आल्यावर टेकावं लागतं, त्याच्यापुढे दहा हजार ठेवणं हा अन्याय आहे. त्याचं माप मिनिटांत ठेवावं. तीन मिनिटं चालणं, दोन मिनिटं बसणं, असे चार फेर. आठवडाभर हे जमलं की तीनचे चार करायचे. कॅन्सरनंतरच्या थकव्यासाठी जगभरातल्या तज्ज्ञांनी २०१९ साली जे माप एकत्रितपणे मांडलं, ते आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, मध्यम वेगाने, निदान बारा आठवडे, आणि जोडीला आठवड्यातून दोनदा स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम असं आहे. मेंदूच्या रुग्णाला तिथपर्यंत पोहोचायला चार महिनेही लागू शकतात. मध्यम वेग म्हणजे चालता चालता बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. आणि जास्त झालं की नाही, याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावरही कालचा शीण अंगात असेल तर त्या दिवशी माप एक तृतीयांशाने उतरवायचं. व्यायाम पूर्ण बंद मात्र करायचा नाही. "आज बरं वाटते" म्हणून तासभर चालायचं आणि मग तीन दिवस अंथरुणावर पडायचं, हा प्रकार घराघरात घडतो. तो उत्साहाच्या दिवशी टाळला तर पुढचे तीन दिवस वाचतात.

बागेच्या फाटकाबाहेर तर्री-पोह्यांची गाडी लागते. एरवी त्या वासाने पावलं वळतात. केमोच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला तोच वास पोटातून ढवळतो, आणि "चालायला नको वाटते" असं तो म्हणतो तेव्हा खरं कारण ती फोडणी असते. अशा वेळी मागच्या फाटकाने जावं. नागपूरचं ऊन हे आणखी एक. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. त्या दिवसांत सहाला घराबाहेर आणि सातला घरात, नाहीतर सरळ घरातच व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, चक्कर येते, तापलेल्या अंगाने फिट येण्याचा धोका वाढतो. रेडिएशन झालेली टाळूची कातडी कोवळी असते, तिच्यावर ऊन पडू देऊ नये; बागेतली ती सुती टोपी त्याचसाठी. पण घरातही उन्हाळ्याचा एक धोका असतो, तो म्हणजे कूलर. त्याच्या टाकीतून ठिबकलेलं पाणी, दारातून आडवी गेलेली वायर, पाणी भरायला लोळवलेला पाइप. पाऊल उचललं न जाणाऱ्या माणसाचा अंगठा अशाच ठिकाणी अडकतो. चालायच्या आधी ती वाट कोरडी आणि मोकळी करावी. पायात मागे पट्टा असलेली सँडल हवी. स्लीपर आणि मोजे, दोन्ही घसरतात. काठी चांगल्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर.

सोबत चालणाऱ्याने कमजोर बाजूला, अर्धं पाऊल मागे राहायचं. गाठ उजव्या बाजूला, कानाच्या वरमागे असेल तर पुष्कळदा डावीकडचं जगच विसरलं जातं. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते, डावा खांदा दाराच्या चौकटीला आपटतो. हा डोळ्यांचा दोष नसतो, लक्षाचा असतो. अशा माणसाशी डाव्या बाजूने बोलत चालावं, दाराच्या डाव्या चौकटीवर लाल चिकटपट्टी लावावी, म्हणजे मान तिकडे वळायला शिकते. आणि बोलण्याचा तर आणखी एक उपयोग आहे. चालताना कुणी काही विचारलं आणि उत्तर द्यायला पाय थांबले, तर तो माणूस पडण्याची शक्यता जास्त. चालणं आणि विचार ही दोन कामं मेंदू एकदम करू शकत नाही, असा त्याचा अर्थ. याचाही सराव होतो. सरळ, सपाट वाट असेल तिथे चालता चालता स्टेशनांची नावं घ्यायची: कामठी, भंडारा रोड, तुमसर रोड, तिरोडा, गोंदिया. मग उलटी. जन्मभर त्या लाइनवर ये-जा केलेला माणूस तुमसरला अडखळतो तेव्हा सोबतच्याच्या पोटात कालवतं. तिथे नाव सुचवायची घाई करू नये.

गोळ्यांचा हप्ता हे व्यायामाचं खरं कॅलेंडर आहे. रेडिएशन संपल्यावर टेमोझोलोमाइड २८ दिवसांत पाच दिवस असतं. त्या पाच दिवसांत आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत मळमळ, बद्धकोष्ठ, अंगातलं त्राण गेलेलं. तेव्हा खुर्चीवरून पाच वेळा उठणं आणि घरातल्या घरात दोन फेऱ्या, एवढं पुरे. मधले दोन आठवडे कमाईचे. आणि २१व्या दिवसाच्या पुढे परत सावध व्हायचं, कारण रक्तातल्या पेशी तेव्हा सगळ्यात खाली जातात. प्लेटलेट म्हणजे काय हे नागपूरकरांना डेंग्यूने शिकवलंच आहे. दीड लाखाच्या वर ठीक. ५० हजारांच्या खाली गेल्या की वजनं, रबरी पट्टे, जिने बंद, सपाट चालणं चालू. २० हजारांच्या खाली पलंगाजवळची हालचाल, तीही डॉक्टरांना विचारून. रिपोर्ट फाइलमध्ये लावायच्या आधी हा एक आकडा व्यायामाच्या वहीत लिहून ठेवावा.

फिटची भीती सगळ्यांच्या मनात असते, आणि तिच्यापायी व्यायामच नको असं ठरतं. बेताच्या चालण्याने सहसा फिट येत नाही. चुकलेली गोळी, जागरण, ताप, उपाशीपोटी उन्हातली फेरी, हे घात करतात. म्हणून एकट्याने पोहणं नको, रस्त्यावर सायकल नको, गच्चीच्या कठड्याशी व्यायाम नको. बाकी सगळं सोबतीने करता येतं. आलीच फिट तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, घड्याळ बघायचं. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा तर मुळीच नाही. पाच मिनिटांच्या वर चालली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८.

यापेक्षा कमी बोलली जाणारी, पण तितकीच मोठी गोष्ट पोटरीची आहे. मेंदूच्या या गाठींत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका बराच असतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली तर घरात पहिली हाक तेलाच्या वाटीला जाते. आई, मावशी, बायको, सगळ्यांचे हात मालिशीला शिवशिवतात. ती मालिश करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर एकदम दम लागतो, छातीत कळ येते, आणि वेळ फार थोडा उरतो. एकाच पायाला सूज आली की व्यायाम थांबवायचा, चोळायचं नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना.

सगळ्यात जास्त घरं मोडतात ती मात्र सुजेने नाही, "आळसा"ने.

कपाळामागच्या भागात गाठ होती अशा माणसाची ही गोष्ट असते. हातपाय चांगले, बोलणं चांगलं, पण तो उठतच नाही. "जाऊ या का फिरायला?" म्हटलं की "जाऊ." अर्ध्या तासाने तो तिथेच असतो. पुन्हा विचारलं की पुन्हा "जाऊ ना." त्याने नाही म्हटलेलं नसतं, आणि तो खोटंही बोलत नसतो. काम सुरू करणारी मेंदूतली कळच दुखावलेली असते. बायकोला हे कसं कळावं? तिने तीस वर्षं पहाटे साडेचारला उठून ड्यूटीला जाणारा माणूस पाहिलेला असतो. तिला वाटतं, याने हार मानली. मुलाला वाटतं, बाबा मुद्दाम करतात. आवाज चढतात, त्यात फिटच्या काही गोळ्यांनी त्यालाही चिडचिड सुटते, आणि व्यायाम हा घरातला भांडणाचा विषय होऊन बसतो. यावर समजावणं फारसं चालत नाही. चालतात त्या खुणा. प्रश्न विचारायचा नाही, कारण प्रश्नाला उत्तर देऊन त्याचं काम संपतं. वेळ ठरलेली, चहाचा कप खाली ठेवला की लगेच. सँडल आधीच पायाशी आणून ठेवलेली. आणि एका वेळी एकच वाक्य: "पाय मागे घ्या." मग "पुढे झुका." मग "उठा." एकदा उभा राहिला की तो चालतो, नीट चालतो. भिंतीवर वाराचा तक्ता, झालं की त्याच्याच हाताने खूण. हे सगळं लहान मुलासारखं वागवणं वाटू नये याची काळजी घ्यावी लागते, ती वाक्यात नसते, आवाजात असते. "अहो, उठा" हे शब्द त्या घरात तीस वर्षं असतातच. त्यातला राग काढून ते परत म्हणायला किती बळ लागत असेल, हे म्हणणारीलाच माहीत.

एवढं सगळं करून आयुष्य वाढतं का, हा प्रश्न उंबरठ्यावर थांबलेला असतोच. कधी मुलगी बाहेर पॅसेजमध्ये गाठून हळूच विचारते. २०११ साली अमेरिकेत, गाठ परत आलेल्या २४३ जणांचा एक अभ्यास झाला. आठवड्याला पाच दिवस अर्धा तास भरभर चालण्याइतकी हालचाल करणारे त्यात सरासरीने जास्त जगले. पण ज्याच्याने चालवतं त्याची प्रकृती मुळात बरी असते, त्यामुळे चालल्याने जगले की जगण्याइतके बरे होते म्हणून चालले, हे त्यातून सांगता येत नाही. ते सांगणाऱ्याने तसंच सांगावं, वाढवून सांगू नये. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, ३४ जणांवरच्या एका लहान प्रयोगात, गाठ स्थिर असलेल्या रुग्णांना सहा महिने घरच्या घरी व्यायाम करणं झेपतं, एवढं दिसलं. लक्ष आणि आठवण थोडी सुधारत असावी अशा खुणाही मिळाल्या. थकवा, झोप, मन आणि चालण्याची ताकद यांच्याबद्दल मात्र एकूण कॅन्सर रुग्णांत पुरावा भक्कम आहे. आयुष्याच्या लांबीचं वचन न देता, संडासातून स्वतः उठून येण्याचं तरी उद्दिष्ट ठेवता येतं. हे लहान नाही. ज्याला तिथे हाक मारावी लागली आहे त्याला विचारा.

आणि तरी काही घरांत तक्ता उलटा फिरतो. दहाचे सहा होतात, सहाचे तीन. काढलेली सतरंजीची घडी परत ठेवावी लागते. तेव्हा "तुम्ही मनावर घेत नाही" हे वाक्य फार लागतं. बारा आठवडे नीट चाललेल्या माणसाचा पाय आठवडाभरात फरफटू लागला, सकाळी डोकं दुखून उलटी झाली, शब्द सापडेनासे झाले, तर व्यायाम वाढवून ते भरून काढायचं नसतं, डॉक्टरांना कळवायचं असतं. तक्ता जपून ठेवावा तो यासाठीही. "कधीपासून?" या प्रश्नाला घरच्यांकडे "झाले असतील काही दिवस" एवढंच उत्तर असतं, तक्त्यात तारीख असते. आणि तक्ता उलटा फिरला तरी काही ना काही उरतंच: पलंगाच्या कडेला बसून पाय हलवणं, आधाराने दोन वेळा उभं राहणं, कूस बदलणं. माप शून्यावर यायची वेळ क्वचित येते.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सहाला पाच कमी असताना, ते दोघं त्या बागेत परत दिसले. गुलमोहर फुलला होता, बाकावर लाल पाकळ्या पडलेल्या. बाईंनी त्या हाताने सारल्या आणि पिशवीतून निळी सतरंजी काढून घडी करून बाकावर ठेवली. कुणीतरी नीट समजावून सांगितलं असावं. त्या त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या राहिल्या, हात न लावता. काकाजी कडेशी सरकले. उजवं पाऊल थोडं पुढे, डावं मागे. नाक पुढे गेलं. "एक," मोठ्याने म्हणाले. चेहऱ्याची सूज बरीच उतरली होती.

तो फेऱ्या मारणारा तरुण जवळ येऊन थांबला, जागच्या जागी पाय हलवत. "किती झाले, काकाजी?"

"चार. काल आलो नाही, गोळ्यांचा हप्ता होता." त्यांनी बसताना आकडे मोजले, म्हणून पुढचं वाक्य जरा उशिरा आलं. "सतरंजीच्या चार घड्या होत्या. दोनवर आलो."

"अहो, बोलताना थांबू नका," बाई म्हणाल्या. "उठा."

"पाच."